पोरगा राहतो कुठं?

एकाच गाडीत, एकाच सीटवर, त्याच माणसांच्या कोपराला कोपर लावून वर्षानुवर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप मांडीवर येऊन बसतात, आणि उतरताना घरी न्यावेच लागतात!

आम्ही अपडाऊनवाले. बीडला राहायचं, वडवणीला नाहीतर त्याच्या पुढं तेलगावला नोकरी करायची, आणि सकाळ-संध्याकाळ अन्वरभाईंच्या गाडीत बसून जगाचा निकाल लावायचा. विषय कुठलाही निघू द्या, वडवणी येईपर्यंत तो एकाच ठिकाणी येऊन थांबतो. माणसानं घर करावं तरी कुठं? नोकरीच्या गावात स्वस्तात राहावं, का बीडचं भाडं भरून रोज रस्त्याची धूळ खावी?

मी वडवणीच्या एका शाळेत हेडक्लार्क. माझ्या शेजारी तेलगावच्या दवाखान्यातल्या सानप सिस्टर. मधल्या सीटवर आमच्याच शाळेतले गणिताचे ढाकणे सर. आणि सगळ्यात मागं वैजनाथ. वडवणीच्या एका पतसंस्थेत नोकरीला. पोरगा गुणाचा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, दिसायला बरा. फक्त लग्न जमत नव्हतं. आणि का जमत नव्हतं, तर आमच्या गाडीतला तोच विषय त्याच्या मुळावर आला होता!

*

वैजनाथचे आईवडील तेलगावजवळ शेती करतात. हा वडवणीत, पतसंस्थेच्या मागच्याच गल्लीत खोली करून राहायचा. भाडं किरकोळ. दुपारी घरी जाऊन गरम भाकरी खायचा आणि वर थोडा आडवासुद्धा व्हायचा. राजाचं जगणं हो! पण स्थळ आलं की मुलीकडचे पहिला प्रश्न टाकायचे, "पोरगा राहतो कुठं?"

"वडवणीला."

"बरं, कळवतो."

कळवायचं कोणीच नाही! शेवटी त्याचे मामा म्हणाले, "बायोडाट्यात बीड लिहिल्याबिगर तुझं काही खरं न्हाई."

खोटं लिहिणं वैजनाथच्या जिवावर आलं. म्हणून त्या शहाण्यानं खरंच बीडमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या! ऑफिसला चालत जाणारा माणूस स्वतःच्या पैशानं ऑफिसपासून लांब गेला, आणि रोज आमच्यासोबत धक्के खात परत तिथंच यायला लागला.

पुढचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "राहता कुठं?"

वैजनाथ छाती काढून म्हणाला, "बीडला!"

"वा वा! आन नोकरी?"

"वडवणीला."

"म्हंजे दिवसभर तुमी तिकडं आन आमची पोरगी हिकडं एकटी? बरं, कळवतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "मॅडम, आता मी राहू तरी कुठं? गाडीतच राहू का?"

अन्वरभाई आरशातून बघत म्हणाले, "रह जा बेटा, मगर सीट का भाडा अलग लगेगा!"

आम्ही सगळे हसलो, पण पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. तिकडं आईनं त्याच्यासाठी कडक सोमवार धरले होते, पाणीसुद्धा प्यायची नाही. मला फार वाईट वाटलं. मग काय, याचं घर आणि लग्न दोन्ही आपणच जमवायचं, असं अख्ख्या गाडीनं ठरवलं!

*

"बीडच्या खोल्या सोडतो आन परत वडवणीला जातो," असं तो म्हणाला की मी त्याला माझीच गोष्ट सांगायची.

मीसुद्धा एक वर्ष हा शहाणपणा केला होता. शाळेच्या अगदी समोर घर घेतलं होतं. म्हटलं, येण्याजाण्याचा त्रास नको, गॅसवर कुकर ठेवून जाता येईल. झालं उलटंच! बीडहून येणारे वेळेवर आणि मी रोज लेट. "समोरच तर आहे, जाऊ की" असं म्हणत मी कांदा चिरत बसायची आणि शिपाई फाटकातून ओरडायचा, "मॅडम, बेल दिली हो! भाजी उतरवा!"

बरं, घर समोर म्हटल्यावर माझं घर म्हणजे शाळेचं एक्स्टेन्शन झालं. कुणाला चहा पाहिजे, कुणाला लोणचं, कुणाचा डबा गरम करायचाय. रविवारी चावी मागायला माणूस हजर. एकदा तर मुख्याध्यापकांनी पालकांची मीटिंगच माझ्या ओट्यावर घेतली, म्हणे इथं सावली चांगली हाय!

आमचे हे बीडला नोकरीला. ते संध्याकाळी दमून घरी आले की कुणीतरी आपलं बसलेलंच. एक दिवस ते मला हात जोडून म्हणाले, "आपण बीडला जाऊ. तू रोज लांब गेलीस तर निदान घरी तरी येशील!"

*

"मग असं करू का मॅडम," वैजनाथ म्हणाला, "राहतो बीडलाच, पण वडवणीत एक खोली नावाला ठेवतो. ज्याला जे गाव आवडंल त्याला ते दाखवायचं."

यावर ढाकणे सर असे दचकले की त्यांचा डबाच मांडीवरून खाली पडला. कारण नावाच्या खोलीचा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नाही.

मास्तरांनी नोकरीच्या गावातच राहिलं पाहिजे, असा वरून हुकूम निघाला होता. सरांनी वडवणीतल्या एका शेतकऱ्याची खोली कागदावर घेतली आणि राहिले आपले बीडला. एक दिवस तपासणीला साहेब आले. "चला सर, तुमची खोली दाखवा!"

सर म्हणाले, चावी घरमालकाकडं आहे. घरमालक बिचारा भोळा, त्यानं धावत येऊन कुलूप काढलं. दार उघडलं तर खोलीत खालपासून आढ्यापर्यंत कापूस! भाव वाढायची वाट बघत त्यानं सगळी वेचणी आत कोंबलेली.

साहेब म्हणाले, "सर, तुम्ही झोपता कुठं?"

सर शांतपणे म्हणाले, "यावरच साहेब. फक्त गादी शिवायची राहिलीय!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आम्हाला वाटलं, सरांची नोकरी गेली. संध्याकाळी आमची गाडी निघाली तर स्टँडसमोर तेच साहेब हात दाखवत उभे! त्यांचं ऑफिस वडवणीलाच, म्हणजे त्यांनीही तिथंच राहायला पाहिजे. अन्वरभाईंनी गाडी थांबवली. साहेबांना जागा मिळाली ती नेमकी ढाकणे सरांच्या शेजारी.

सर अंग चोरून खिडकीला चिकटले. मग साहेब म्हणाले, "सर, तेवढी खिडकी लावा. रोज वारं लागून माझा कान दुखतो."

त्या खोलीचा विषय पुन्हा कधीच निघाला नाही. 

*

एवढं होऊनही सर वैजनाथला मांजरसुंब्याचा सल्ला द्यायचे. कारण पुढं त्यांनी स्वतः बीड सोडून तिथं घर बांधलंय. गणित मांडून बांधलंय हो! बीडपेक्षा जागा स्वस्त, हायवे दारात, कुठलीही गाडी थांबते. फक्त मांजरसुंबा बीडच्या एका अंगाला आणि वडवणी दुसऱ्या. म्हणजे आधी बीडला यायचं आणि मग आमच्या गाडीत बसायचं. सरांनी तेही हिशोबात धरलं होतं. धरले नव्हते ते पाहुणे!

मांजरसुंब्याला लांबच्या गाड्या धाब्यावर जेवायला थांबतात. सरांचे नातेवाईक पुण्याला, सोलापूरला, लातूरला पसरलेले. घरभरणी झाली आणि फोन सुरू झाले. "सर, आमची गाडी मांजरसुंब्याला थांबणार हाय. धाब्यावर कशाला जेवायचं? तुमचं घर हाय की!"

वहिनींचा तवा उतरेना. पाहुणा यायचा, घाईत जेवायचा आणि कंडक्टरनं शिट्टी मारली की हात न पुसता पळायचा. एक मावसभाऊ तर श्रीखंड आणखी घेण्याच्या नादात राहिला आणि गाडी निघून गेली. तो चार दिवस मुक्कामाला! "बॅग गाडीत गेली, आता असं कसं जाऊ?" म्हणे.

तो गेल्यावर वहिनी सरांना म्हणाल्या, "अहो, खाणावळीची पाटी तरी लावा. निदान बाकीचे पैसे देऊन जेवतील!"

हे ऐकून वैजनाथनं मांजरसुंब्याचं नावच टाकलं.

*

मग सिस्टरनं सूत्रं हातात घेतली. "भाड्याच्या खोलीवर कुणी पोरगी देत न्हाई. घर इकत घे," म्हणाल्या आणि स्वतः त्याला घेऊन बीडमध्ये फिरायला लागल्या. सिस्टरची जीभ इंजेक्शनपेक्षा टोचरी, त्यामुळं दलाल लोक त्यांना बघून गल्ली बदलायचे.

एकानं मात्र धाडस केलं. "स्टँडपासून पाच मिन्टं," म्हणत तो यांना गावाच्या पार बाहेर घेऊन गेला. शेवटी डांबर संपलं, मग खडी संपली, मग बाभळी सुरू झाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "काय हो, पाच मिन्टं चालत का गाडीवर?"

"रस्ता झाल्यावर, मॅडम!"

घर बघितलं. सिस्टरनं विचारलं, "नळ हाय का?"

"हाय की! स्टीलचा हाय."

"आन पाणी?"

"आता पाण्याचं आपल्या हातात हाय का मॅडम!"

सिस्टर उलट्या पावली निघाल्या. दलाल वैजनाथच्या कानात म्हणाला, "भाऊ, पुढच्या वेळी घर बघायला तुमी एकटेच या. आई लई कडक हायेत."

त्यानंतर आठवडाभर सिस्टर वैजनाथशी बोलल्या नाहीत. त्यांच्यात आणि वैजनाथमध्ये जेमतेम दहा वर्षांचं अंतर!

*

पाण्याचं निघालंच आहे तर सांगते. उन्हाळ्यात बीडच्या नळाची वाट बघून डोळे दुखतात. म्हणून येताना आम्ही वडवणीच्या बोअरचे कॅन भरून आणतो. एकदा एका नव्या माणसानं गाडीला हात केला. आत बघतो तर एक सीट मोकळी नाही, पण माणसं चारच.

अन्वरभाई म्हणाले, "माफ करना भाई. पानी बैठा है, उसको उठा नहीं सकता!"

*

आता शेवटचा किस्सा. तो सांगताना मला अजून गलबलून येतं.

स्थळ सिस्टरनंच आणलं. त्यांच्या दवाखान्यात लॅबला मनीषा नावाची मुलगी लागली होती. राहायला बीडला. तिची ड्युटी लवकरची, म्हणून आमच्या गाडीत नाही, पहाटेच्या पहिल्या एसटीनं तेलगावला जायची. वैजनाथ म्हणाला, "सिस्टर, एवढं एक बघतो. न्हाई जमलं तर आईला सांगतो, सोमवार सोड, मला लग्नच न्हाई करायचं."

रविवारी दुपारी आम्ही मुलीच्या घरी गेलो. वैजनाथ, त्याचे आईवडील, मामा, आणि सिस्टरची ड्युटी निघाली म्हणून त्यांच्या जागी मी. मुलीचे वडील घुले भाऊ, आवाज खणखणीत. बसल्या बसल्याच म्हणाले, "आधीच सांगतो. आमी गाव सोडून बीडला आलो ते पोरीसाठी. तिला चांगलं स्थळ मिळावं म्हणून. तवा पोरगी बीडमधेच राहणार. दुसरी गोष्ट काढायची न्हाई!"

मामा लगेच म्हणाले, "आमचा पोरगा बी बीडलाच राहतो की!"

झालं! दोघांनी मिळून बीडची अशी काही तारीफ सुरू केली की मला वाटलं आपण कुठल्या तरी वेगळ्याच शहरात आलोय. बाजार जवळ, दवाखाने जवळ, शाळा जवळ. नोकरी किती लांब, हे कुणी काढलं नाही. मीसुद्धा जीभ आवरली. वैजनाथची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती भिंतीवरच्या देवाकडं बघत होती.

मग कुणीतरी म्हणालं, "पोरांना बोलू द्या की थोडं." दोघांना आतल्या खोलीत बसवलं, कूलर लावून दिला, दार लोटून घेतलं.

इकडं पोहे झाले. चहा झाला. आतून आवाज नाही. मामा हसून म्हणाले, "लई बोलायलेत वाटतं!"

परत इकडचं तिकडचं झालं. तरी आवाज नाही. घुले भाऊंची चुळबुळ सुरू झाली. शेवटी मुलीची आई चहाचा ट्रे घेऊन आत गेली आणि ट्रे तसाच घेऊन परत आली. चहाला हातसुद्धा लागलेला नव्हता.  वैजनाथच्या आईनं माझा हात घट्ट धरला. संपलं, हेही स्थळ गेलं!

मुलीच्या आईनं ओठावर बोट ठेवलं. "झोपलेत."

"कोण?"

"दोघं बी. ती हिकडच्या खुर्चीत, ते तिकडच्या."

मामा सावरून घ्यायला लागले. "न्हाई, तसा आमचा पोरगा लई हुशार हाय हो, आजच काय झालं कुणास ठाऊक..."

घुले भाऊ उठले. दारापाशी गेले आणि फट करून आत बघत उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग परत आले. मामांचं बोलणं चालूच होतं.

"हळू बोला, हळू. रोजच्या येण्याजाण्यानं दमलीत लेकरं," घुले भाऊ म्हणाले. त्यांचा तो खणखणीत आवाज पार खाली आला होता.  त्यांनी खुर्ची अलगद उचलून माझ्याजवळ आणून ठेवली, तिचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही, आणि वाकून मला विचारलं,

"मॅडम, वडवणीत एखादं चांगलं घर मिळंल का हो?"