गया सिस्टरांची अमेरिका

गया सिस्टर अमेरिकेतली भाषणं टीव्हीचा आवाज बंद करून बघायच्या.

वडवणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला मी रुजू झालो, तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाली हाक मारली. टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे दोन उमेदवार एकमेकांवर बोटं रोखून भांडत होते आणि खोलीत मात्र चिडीचूप. मला वाटलं, यांना इंग्रजी समजत नाही, म्हणून भाषांतराला बोलावलंय. मी मोठ्या उत्साहानं रिमोट उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आवाज नगं, सर. आवाज आला की माणूस काय बोलायलंय तिकडंच ध्यान जातंय. आता हा डावीकडचा बघा. पाणी किती येळा पिला? चार येळा. शुगर हाय त्याला. आन् तो दुसरा उजव्या पायावर भार देईना. गुडघा गेलाय त्याचा. लपवायलाय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"चहा प्यायला. एकट्यानं इलेक्शन बघू वाटत न्हाई."

सिस्टर म्हणजे निवृत्त आरोग्यसेविका. वडवणी आणि तेलगावच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. खांद्याला लसीचा डबा आणि पायात रबरी चप्पल. ऊसतोडीला निघालेला ट्रक रस्त्यात आडवा हात करून थांबवायचा, पोरं खाली उतरवून घ्यायची, एकेकाला टोचायचं आणि मगच ट्रक सोडायचा, ही त्यांची ख्याती. मुकादम शिव्या द्यायचे. सिस्टर म्हणायच्या, "शिव्या द्या, पण पोरगं धरा." यजमान शिक्षक होते, ते लवकर गेले. एकुलती एक मुलगी मित्रा, ती शिकून इंजिनिअर झाली आणि नवऱ्याबरोबर अमेरिकेत, ओहायो नावाच्या राज्यात जाऊन राहिली. तिच्याकडं बर्फ किती पडलं हे कळावं म्हणून सिस्टर आधी फक्त तिथलं हवामान बघायच्या. हवामानानंतर बातम्या लागायच्या, त्या बघायला लागल्या. मग काहीच सुटलं नाही.

मी एकदा म्हणालो, "एवढं कशाला डोक्याला लावून घेता?"

"लेक ज्या गावात नांदती, त्या गावचा सरपंच कसा हाय हे आईला नगं का कळायला?"

एकदा तिकडं सरकारचं कामकाजच बंद पडल्याची बातमी आली. खर्चाला मंजुरी मिळाली नाही, कार्यालयांना कुलपं लागली, कर्मचारी घरी बसले. सिस्टरांनी ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आमचा तीन तीन महिने पगार यायचा न्हाई, तरी आमी टोचतच हुतो. सरकार बंद पडलंय, हे आमाला कुणी कळवलंच न्हाई की!"

करमणुकीतही त्यांची दृष्टी अशीच. एका अमेरिकन कार्यक्रमात एक तरणाबांड गडी वीस मुलींमधून बायको निवडायचा. दर भागात एखादी नाकारली जायची आणि ती मोटारीत बसून रडायची. सिस्टरांनी सगळे भाग बघितले. "हा मुलगी बघायचाच कार्यक्रम हाय, सर. निस्ते पोहे न्हाईत. आपल्याकडं एकीला नकार आला तर घर आठ दिवस जेवत न्हाई, हिथं एकोणीस जणींना कॅमेऱ्यापुढं रडवायलेत. आन् पोरींनी कशाला रडावं? ते दात बघा त्याचे. तंबाखू खातंय ते." थोडं थांबून म्हणाल्या, "पर एक बरं हाय. मधी पोराचा मावसा बसलेला न्हाई."

त्यांचे खरे प्रतिस्पर्धी शेषरावअण्णा. समोरच्या घरात राहायचे, कापसाचे जुने व्यापारी. निवडून आलेला अध्यक्ष म्हणजे अण्णांचा माणूस. अण्णांना इंग्रजी येत नव्हतंच, आणि बातम्याही ते आवाज मोठा करून मराठीत ऐकायचे, तरी निष्ठा पक्की. "दणका देणारा गडी हाय. लई दिवसांनी मर्द बघितला," असं ते ओट्यावरून ऐकवायचे. सिस्टर आपल्या ओट्यावरून विचारायच्या, "अण्णा, मर्दाचं बीपी कुणी तपासलंय का?" पुढं अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या मालावर जबर कर बसवला आणि कापसाचा बाजार बसला, त्या दिवशी अण्णा ओट्यावर आलेच नाहीत. सिस्टरांनी टोमणा मारला नाही. वाटीभर खीर पाठवली आणि निरोप दिला, "तुमच्या माणसाकडून समजा." त्या निरोपाला टोमणा म्हणायचं की नाही, यावर माझं आणि अण्णांचं एकमत कधीच झालं नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना सिस्टरांच्या लेकीला, मित्राला दिवस गेले.

मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा सिस्टर इथं फोन कानाला लावून दोन दिवस बसून होत्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, अण्णांनी सांगितलं. पंचक्रोशीतल्या कितीतरी बायांची बाळंतपणं ज्यांच्या हातून झाली, त्यांना स्वतःच्या लेकीच्या कपाळावर हात ठेवता आला नव्हता. या वेळी त्या जाणारच होत्या. पासपोर्ट झाला, मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली.

आणि अण्णांच्या फोनवर एक मेसेज आला. तो घेऊन ते धावतच रस्ता ओलांडून आले. अमेरिकावाले म्हणे आता माणसानं फोनवर काय काय लिहिलंय ते सगळं तपासतात, आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं सापडलं की आत घेत नाहीत.

"मी काय लिवलंय?" सिस्टर म्हणाल्या. पण चेहरा उतरला होता.

मित्राचाही फोन आला. "आई, बहुतेक काही होत नाही. पण विषाची परीक्षा नको. सरांना सांग, सगळं पुसून टाका."

रविवारी आम्ही दोघं फोन घेऊन बसलो, तेव्हा मला कळलं की ही बाई दोन वर्षं अमेरिकन बातम्यांच्या व्हिडिओंखाली मराठीतून सल्ले देत होती. 'साहेब, चेहरा सुजलेला दिसतो, मीठ कमी करा.' 'दुसरा बोलत असताना मधी तोंड घालू नये.' 'बाई, तुमचं बरोबर आहे पण झोप पुरी घ्या.' प्रत्येक सल्ल्याखाली पूर्ण नाव, 'निवृत्त आरोग्यसेविका, वडवणी, जि. बीड'.

"पत्ता कशाला दिलात?"

"बिननावाची चिठ्ठी मी कधी लिवली न्हाई, सर."

एकेक वाक्य पुसताना त्या फोनवर बोट धरायच्या. "हे राहू द्या की. हे खरं हाय." मी म्हणायचो, "खरं आहे म्हणूनच काढू." शेवटचं पुसून झालं तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या.

त्यानंतरचा महिना आमच्या गल्लीला फार जड गेला. सिस्टर अमेरिकेवर अवाक्षर काढेनात. टीव्हीवर जुन्या मराठी मालिका लागायच्या, त्याही आवाजासकट. मुलाखतीत कुणी मत विचारलंच तर सांगायला म्हणून मी त्यांना एक इंग्रजी वाक्य शिकवलं होतं, 'आय हॅव नो ओपिनियन'. ते त्या भाकरी थापताना घोकायच्या. अण्णांना आधी वाटलं, मैदान मोकळं झालं. त्यांनी ओट्यावरून अध्यक्षांची मनसोक्त स्तुती केली. सिस्टर म्हणाल्या, "हाय बाबा. चांगला माणूस हाय." अण्णांचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अध्यक्षांच्या दोन चुका काढून बघितल्या. सिस्टर म्हणाल्या, "चुकतंय माणूस." तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्या खोलीवर आले. "सर, बाईला डॉक्टरकडं न्या. कायतरी झालंय तिला. मला एकट्याला भांडाया येईना."

मुंबईला मी सोबत गेलो. सोबतच्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळं मी त्यांची पिशवी आणि फोन सांभाळत रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. आत जाताना त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की परीक्षेच्या हॉलमध्ये जाणारी माझी मुलंही तशी बघत नाहीत. दोन तासांनी त्या बाहेर आल्या. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या.

"काय झालं? नाही म्हणाले?"

"दिला व्हिसा."

"मग?"

"कुणी इचारलंच न्हाई!"

काचेपलीकडं एक तरुण गोरी बाई होती आणि शेजारी मराठी सांगणारी दुसरी. कशाला जाता? लेकीकडं. काम काय करत होता? सुया टोचत होते. परत येणार का? येणार, घर हाय, भाडेकरू हाय, त्याला धड चहासुदिक करता येत न्हाई. दोघी हसल्या आणि झालं म्हणाल्या. "मी उभीच राहिले, सर. म्हणलं, आता इचारतील. मागच्या माणसाला बोलावलं तवा हटले. महिनाभर तोंड शिवून बसले मी! असला कसला कारभार? घरात कुणाला घ्यायलोत, त्याचं मत तरी इचारावं की न्हाई?"

मग त्या सुरू झाल्या. महिनाभराचं तुंबलेलं सगळं परतीच्या बसमध्ये बाहेर आलं. अध्यक्षांचं बीपी, विरोधकांची पचनशक्ती, मालावरचा कर, वीस मुलींमधून शेवटी निवडलेली मुलगी आणि तिचं पुढं काय होणार. अहिल्यानगरपर्यंत मागच्या तीन सीटवरची माणसं पुढं सरकून बसली होती. एका आजोबांनी तर आपला स्टॉप सोडला.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. जाताना अण्णांनी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली आणि "आमच्या माणसाला नमस्कार सांगा" म्हणाले.

बाळंतपण सोपं झालं नाही. ऐनवेळी ऑपरेशन करावं लागलं. आत फक्त जावयाला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

"सर, बायांच्या आयांना मी जन्मभर म्हणत आले, तुमी भायेर बसा, मधी मधी करू नका. काल मला बसवलं भायेर. दीड तास. समोर कुणी यायचं, इंग्रजीत कायतरी बोलायचं, जायचं. मला त्या सगळ्या आया आठवल्या. एकीचा तरी हात धरायला पायजे हुता मी. मग एक नर्स आली. काळी, चांगली दांडगी. काय म्हणली ते कळलं न्हाई. तिनं मला धरून उठवलं आन् हातातच दिलं लेकरू. पोरगी हाय. आई बरी हाय."

मग त्यांचा आवाज सावरला. "आन् अण्णाला एक सांगा. ही हिथं जन्मली, म्हणून हिथलीच. मोठी झाली की हिला हिथं मत हाय. अठरा वर्षं दम धरा म्हणावं. मग ही बघती तुमच्या माणसाकडं."

सिस्टर अजून तिकडंच आहेत. बाळाला तीन महिने झाले की परतायचं ठरलं होतं, ते तीन महिने कधीच उलटले. मधल्या काळात माझी घाटनांदूरला बदली झाली, आणि घराची किल्ली मी अण्णांकडं देऊन निघालो. पण तो निरोप मी त्याच दुपारी रस्ता ओलांडून पोचवला होता. अण्णा ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि समोरच्या बंद दाराकडं बघितलं.

"सर," ते म्हणाले, "मग त्या पोरीला मराठी शिकवा म्हणावं. न्हाईतर मी तिला माझी बाजू सांगणार कशी?"