उपासाचं मीठ

यांच्या किडन्या निम्म्या गेल्यात असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बीपी उतरलं नाही तर उरलेल्याही जातील, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं.

तेव्हापासून मखमलाबादच्या घरात मी यांच्यासाठी अळणी रांधू लागले. लिंबू पिळ, लसूण ठेच, कोथिंबीर घाल, नाना तऱ्हा केल्या. हे दोन घास खायचे नि ताट सरकवायचे. मग भिंतीपलीकडून थोरल्या जाऊबाई भाजीची वाटी घेऊन यायच्या. "माझंही बिनमिठाचंच आहे हो," म्हणायच्या. ती वाटी मात्र हे बोटानं पुसून खायचे. वर मलाच ऐकवायचे, "वहिनीच्या हाताला चव आहे." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझ्या. यांची आई लवकर गेली, जाऊबाईंनीच यांना वाढवलं, सगळं कबूल. पण लग्न माझ्याशी झालं होतं ना!

बीपी काही उतरेना. पायांवर सूज आली. डॉक्टर सगळ्यांदेखत माझ्यावर डाफरले, "बाई, तुम्ही मीठ घालताय!" घरी आले ती तणतणत जाऊबाईंच्या चुलीशी गेले आणि त्यांची भाजी चाखली. चांगली खारट होती.

"हे काय घातलंय?"

"अगं, सैंधव. उपासाचं. उपासाला चालतं, मग ते मीठ कसं होईल?"

तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "उपासाचं असलं तरी मीठ ते मीठच, आजी. बीपी त्यानंच चढतंय."

जाऊबाईंनी माझा हात धरला. "मीच मारत होते का गं त्यांना?" म्हणून रडायला लागल्या. मला मात्र आतून गारगार वाटलं. आता कळेल म्हटलं यांना, हाताची चव कसली ती!

त्या संध्याकाळी मी मुद्दाम समोर बसले. यांनी माझी भाजी चिवडली आणि जाऊबाईंनी आणलेली वाटी ओढली. एक घास खाऊन थांबले.

"वहिनी, आज मीठ नाही?"

जाऊबाईंनी नुसती मान हलवली. यांनी खाली बघून सगळी वाटी संपवली. बोटानं पुसून.

दुसऱ्या दिवसापासून यांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी जाऊबाईंकडे दिला. जीव वाचायला हवा होता. सूज ओसरली, हळूहळू बीपीही उतरलं. डॉक्टर खूश होऊन मला म्हणाले, "शाबास बाई! तुमच्या हातच्या अळणी जेवणानं वाचले हे."

त्यांना काय सांगणार, कपाळ!