टिप्या ड्रममध्ये का शिरत नव्हता

टिप्याने ड्रमला परत वळसा घातला. समोर ड्रमचं उघडं तोंड, पलीकडे उजेड, आत शिरायचं आणि बाहेर यायचं, एवढंच काम. पण तो तोंडापाशी यायचा, थबकायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या गोविंदरावांच्या पाठीमागून गोल फिरून पलीकडे जाऊन उभा राहायचा. वर शेपूट हलवायचा, म्हणजे काम फत्ते.

"रिफ्यूजल," मेजरसाहेब म्हणाले. "डॉक्टर, या गावठीला आऊट करा. बाकीच्या डॉग्जचा टाइम खातोय."

"माझ्या क्लासमधून कोण आऊट होणार ते मी ठरवते," मी म्हटलं.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी नागपुरात सरकारी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. म्हैस घेऊन आलेला माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघायचा, खरा डॉक्टर कुठे बसला आहे म्हणून. असं रोज झालं की जिभेला धार येते. माझ्याही जिभेला आली होती, आणि ती बोथट करायच्या भानगडीत मी पडले नाही.

दर रविवारी सकाळी प्रताप नगरच्या एका मोकळ्या मैदानावर मी कुत्र्यांचा क्लास घ्यायचे. हौशी लोकांचा एक क्लब होता. फौजेतून निवृत्त झालेले मेजरसाहेब त्याचे सेक्रेटरी. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात एजिलिटी नावाचा नवा खेळ पाहिला आणि ते इरेला पेटले. खेळ सोपा आहे. कुत्र्याचा पट्टा सोडायचा. कुत्र्याने मालकाच्या शब्दावर आणि हातावर धावायचं, आडव्या काठ्यांवरून उडी मारायची, बोगद्यातून जायचं, अरुंद फळीवरून चालायचं. धावणाऱ्या माणसाला हॅन्डलर म्हणतात. कुत्रं अडथळ्यासमोर अडून बसलं किंवा बाजूने निसटलं की ते रिफ्यूजल. तीन रिफ्यूजल झाले की खेळ खलास. आमच्या काठ्या बांबूच्या होत्या, फळी सेंट्रिंगवाल्याची, आणि बोगदा म्हणजे डांबराचे ड्रम दोन्हीकडून कापून एकाला एक जोडलेले.

क्लासमध्ये अल्सेशियन होते, डॉबरमन होते, एका डॉक्टरांचं पॉमेरेनियन होतं. आणि नंदनवन वस्तीतला टिप्या होता, अंगावर काळे ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. मीच त्याला बोलावलं होतं. गोविंदराव त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आले होते, ते इंजेक्शन मागायला.

"याले शांत व्हायचं इंजेक्शन देऊन टाका, डॉक्टरीणबाई. भिंतीवरून उडी मारते अन् शेजाऱ्याच्या वाळवणावर पडते. परवा कुरडयांचा पार चेंदा केला. शेजारी म्हनते, कार्पोरेशनची गाडी बोलावतो."

"उडीवर इंजेक्शन नसतं," मी म्हटलं.

"मंग पेरणीले गावाकडं जातो तवा याले संगं नेतो. वावरात सोडून देतो."

गोविंदरावांची शेती उमरेडकडे. वावरात सोडलेलं शहरातलं कुत्रं किती दिवस टिकतं ते मला ठाऊक होतं. गावची कुत्री त्याला आठवडाभरही जगू देत नाहीत. तेव्हा गोविंदरावांच्या मागे, दाराच्या आडोशाला, त्यांची सून मंदा डोक्यावर पदर घेऊन उभी होती.  टिप्या सारखा वळून तिच्याकडेच बघत होता. मी गोविंदरावांना म्हटलं, पेरणीपर्यंत दर रविवारी क्लासला आणा, नाही सुधारला तर मग तुमची मर्जी.

ते आले, पण दोन सायकलरिक्षा करून. एकीत गोविंदराव, दुसरीत मंदा आणि टिप्या. सासऱ्याच्या शेजारी सून कशी बसणार. आणि मंदाशिवाय टिप्या रिक्षात चढत नव्हता. मैदानावर उतरलं की पट्टा मात्र गोविंदरावांच्या हातात. घरातले मोठे ते, तेव्हा मान त्यांचा. मंदा लांब कडुलिंबाखाली भाकरीचा डबा घेऊन उभी राहायची. कुत्र्याला खाऊ घालणारी लिंबाखाली आणि ज्यांनी त्याला कधी भाकरीचा तुकडा घातला नाही ते हॅन्डलर. मी दोनदा सांगून पाहिलं. "घरचा मानूस असताना बाईमानूस कायले पळंल?" गोविंदराव म्हणाले. मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण कुत्रं त्यांच्या घरचं होतं.

उड्या त्याने चुटकीसरशी मारल्या. उडी तर त्याच्या अंगातच होती. घोडं अडलं ते ड्रमपाशी.

घाबरलेलं कुत्रं ओळखता येतं. कान मागे पाडतं, ओठ चाटतं, शेपूट पोटाशी घेतं, अंगाचा भार मागच्या पायांवर टाकतं. टिप्यात यातलं एकही लक्षण नव्हतं. मग एका रविवारी गोविंदराव पाणी प्यायला नळावर गेले, आणि टिप्या कोणी न सांगता सुर्रकन ड्रममधून पार झाला आणि थेट मंदापाशी गेला. गोविंदराव परत येऊन ड्रमशेजारी उभे राहिले. टिप्या पुन्हा त्यांच्या पाठीमागून.

"तुम्ही मारता का याला?" मी विचारलं.

"आजवर बोट नाही लावलं, डॉक्टरीणबाई."

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. आणि कुत्र्याचं अंगही तेच सांगत होतं. त्याला भीती नव्हती, तो अदबीने वळसा घालत होता. अशी अदब कुत्र्याला कोणी शिकवली, हे मला कळेना.

मेजरसाहेबांनी त्याच दिवशी जाहीर केलं की पुढच्या रविवारी मेंबर लोकांसमोर डेमो, आणि त्यात जो तीन रिफ्यूजल घेईल त्याचं नाव क्लासमधून काढणार. त्यांची नजर कोणावर होती ते सांगायला नको. आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात गोविंदराव पेरणीला जाणार होते.

मी माझी लुना मोपेड काढली आणि दवाखाना सुटल्यावर नंदनवनला गेले. जनावराचा रोग कळत नसेल तर गोठा बघावा, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. घर साधं. समोर बैठकीची खोली, आणि तिच्या रस्त्याकडच्या दारात, वाऱ्याच्या तोंडावर, गोविंदरावांची आरामखुर्ची. जेवण आणि झोप सोडली तर दिवसभर ते तिथेच. रस्त्यावर भाजीवाली आली. मंदाने हाक ऐकली आणि ती मागच्या दाराने अंगणात गेली. परसातलं फाटक उघडून मागच्या गल्लीत उतरली, फाटक लावलं, आणि सगळ्या घरांना वळसा घालून समोर भाजीवालीपाशी आली. टिप्या फाटकाच्या आत राहिला. त्याने भिंत बघितली, उडी मारली, शेजाऱ्याच्या अंगणातून धावला आणि समोर मंदाच्या पायाशी येऊन बसला.

मी तिथेच कपाळाला हात लावला. उडी ही त्याची खोड नव्हती, तो त्याचा रस्ता होता.

भाजी घेऊन ती परतली तशी मी मागे जाऊन तिला गाठलं. "समोरच्या दाराने काहून नाही गेलीस वं?"

"मामाजी बसले असले का आमी समोरून नाही जात, बाई."

"कोणी सांगितलं?"

"कोनी सांगा लागते का? अशीच रीत हाये."

"टिप्यालाही कोणी सांगितलं नाही. त्याने तुझं बघूनच केलं. त्याच्या लेखी मामाजी जिथे असतील तिथे त्यांच्यासमोरून जायचं नसतं. मैदानावर ड्रममध्ये शिरतानासुद्धा नाही."

ती टिप्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "हे तर फिरतीवर असते, बाई. महिन्यातून चार दिवस घरी. मामाजी माह्याशी बोलत नाही, मी त्यायच्याशी बोलत नाही. टिप्या गेला तर या घरात मी कोनाशी बोलू?"

मी तशीच बैठकीत गेले. गोविंदरावांना सगळं समजावून सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ मंदा टिप्याला घेऊन तुमच्यासमोरून दाराबाहेर जाईल, भिंतीवरची उडी आपोआप बंद होईल.

"एका कुत्र्यापायी घरची रीत मोडू म्हनता?"

"रीत मोडायची नसेल तर खुर्ची सरकवा."

"खुर्ची नाही सरकत, डॉक्टरीणबाई. माह्या घरात माही खुर्ची कुठं ठेवाची, हे मले दवाखान्यातून इचारून घ्या लागते का?"

"नका विचारू. पण मग कुत्र्याला दोष देऊ नका. तुमच्या घरात सगळ्यात जास्त रीत तोच पाळतो."

चहा न घेता मी निघाले. मागच्या फाटकापाशी मंदा उभी होती. "रविवारी पट्टा तू धरायचा," मी तिला म्हटलं. तिने टिप्याला जवळ ओढलं.

रविवारी दोन रिक्षा आल्या. गोविंदराव खाली उतरले आणि सवयीने पट्ट्यासाठी हात पुढे केला. मंदाने पट्टा दिला नाही.

"मी धरीन," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण मला लांबवर ऐकू आला. गोविंदरावांचा हात तसाच राहिला. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेले हे पहिलेच दोन शब्द असावेत. चारचौघांत काय बोलणार, त्यांनी हात मागे घेतला.

मग मी माझं काम केलं. घरची खुर्ची सरकणार नव्हती, तेव्हा घरचं दारच मैदानावर मांडायचं होतं. क्लबची एक खुर्ची उचलली, ड्रमच्या तोंडाला लागून, जाण्याच्या वाटेकडे तोंड करून ठेवली, आणि म्हटलं, "गोविंदराव, बसा."

मेजरसाहेब धावत आले. "कोर्सवर चेअर? हे कोणत्या रूलमध्ये आहे?"

"खुर्ची नको हे कोणत्या रूलमध्ये आहे? तुम्हीच लिहिलेत, दाखवा."

"तुम्ही त्याला मुद्दाम फेल करताय."

"फेल झाला तर मीही क्लास सोडते. मग तुमच्या मासिकातून शिकवा सगळ्यांना."

ते बाजूला झाले. मेंबर मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. मंदाने पट्टा सोडला आणि टिप्या निघाला. पहिली काठी, दुसरी, तिसरी, सगळ्या पार. मंदा साडी सावरत कडेकडेने धावत होती. ड्रम आला. टिप्या थबकला, खुर्चीकडे बघितलं, आणि खुर्चीच्या पाठीमागून मंदाही गेली, टिप्याही गेला. मेजरसाहेबांनी एक बोट वर केलं. परत आणला. परत दोघं खुर्चीमागून. दुसरं बोट वर झालं. मेंबरांत कोणीतरी हसलं.

मला ओरडावंसं वाटत होतं, पण डेमोमध्ये बाहेरून हॅन्डलरला काही सांगता येत नाही. 

मंदा टिप्याला घेऊन ड्रमच्या तोंडाशी परत आली.  मग तिने डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला, आणि गोविंदरावांच्या समोरून चालत गेली. त्यांच्या चपलांपासून वीतभर अंतरावरून. मान खाली घातली नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. पलीकडे जाऊन वळली आणि म्हणाली, "टिप्या, इकडून ये."

टिप्याने तिच्याकडे पाहिलं. गोविंदरावांकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि ड्रममध्ये शिरला. आतून नखांचा खडखड आवाज आला आणि तो पलीकडून बाहेर पडला. नंतरची फळी त्याने अशी पार केली की जणू ती रोजची पायवाट. शेवटी कुत्र्याला बसवून दाखवायचं असतं. मंदाने जागा निवडली ती खुर्चीच्या पुढ्यातली.

गोविंदराव तोंड लाल करून उठायला निघाले होते. मंदाने टिप्याकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बस."

टिप्या बसला. गोविंदरावही बसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेजरसाहेब म्हणाले, गावठी कुत्र्याला क्लबचं सर्टिफिकेट देता येत नाही, वंशावळीचा कागद लागतो. मी म्हटलं, ठेवा तुमच्यापाशीच, टिप्याला वाचता येत नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम आणखी दोन गावठी कुत्री क्लासला बोलावली. मेजरसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझे रविवार फार सुखात गेले.

पेरणीला गोविंदराव एकटेच गेले. ते परत आल्यावर मी रेबीजचं इंजेक्शन द्यायला नंदनवनला गेले. शेजाऱ्याच्या अंगणात मुलांचे कपडे वाळत होते, भिंतीवर पंजाचा एकही नवा ओरखडा नव्हता. गोविंदरावांची खुर्ची होती तिथेच होती, दारात, तसूभरही हललेली नव्हती. मला बघून त्यांनी मान दुसरीकडे केली. तेवढ्यात रस्त्यावर भाजीवालीची हाक आली. आतून मंदा आली, मागून टिप्या. दोघं सरळ समोरच्या दाराकडे निघाले. गोविंदराव रस्त्याकडेच बघत राहिले, पण लांब पसरलेले पाय त्यांनी गुपचूप आत ओढून घेतले.

त्यानंतर कितीतरी लोकांनी मला विचारलं, आमचं कुत्रं ऐकत नाही, काय करावं. मी आधी एकच विचारते, तुमच्या घरात कोण कोणत्या दाराने बाहेर पडतं. लोकांना वाटतं, बाईंनी प्रश्न ऐकलाच नाही.