मुरायला ठेवलेलं गुलाबपाणी

पुण्यात वारज्याच्या पुढे, जिथे नव्या बिल्डिंगी संपता संपत नाहीत, तिथे चंपाबाई सरवदेंचा अर्धा एकर गुलाब आहे. नाव चंपा आणि लावला गुलाब, हा विनोद सगळ्या वारज्यानं करून झालाय, तेव्हा तुम्ही करू नका. बाई तापट आहेत.

गुलाब म्हणजे लग्नात हातात देतात तसला लांब दांड्याचा नव्हे. तो दिसायला राजबिंडा आणि वासाला पुठ्ठा. बाईंचा देशी, फिका गुलाबी, केस न विंचरलेल्या पोरीसारखा. उजाडताना खुडायचा, ऊन चढायच्या आत तांब्याच्या हंड्यात पाण्यात घालायचा, खाली मंद जाळ, आणि वाफ नळीतून गार करून थेंब थेंब गुलाबपाणी बरणीत. हे बाईंना कुणी शिकवलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मदतनीस होत्या. पोरं डिग्र्या घेऊन गेली, नळी कुठे तुंबते ते बाईंनाच ठाऊक. पाण्यावर तेलाचा तवंग येतो तोही त्या काढतात. पण अख्ख्या हंगामाचं तेल म्हणाल तर अत्तराची एक कुपी भरायची मारामार.

यजमान सुखदेवराव. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायचे. माणूस रिटायर झाला, तपासायची सवय झाली नाही. भाजीवाल्याची मेथी परत, इस्त्रीवाल्याचा शर्ट परत. बायकोची आमटी तेवढी कधी परत गेली नाही, एवढी अक्कल होती.

यंदा बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. मंडईमागे दीनानाथशेठांचं अत्तराचं दुकान आहे. इतकी वर्षं ते बाईंचं पाणी घ्यायचे आणि स्वतःचं लेबल लावून विकायचे. यंदा बाई म्हणाल्या, "बाटलीवर माझं नाव पाहिजे. चंपा सरवदे, वारजे. वरून थेंब घातलेला नाही, हा माझा शब्द." शेठ कुरकुरले, पण कबूल झाले. रविवारी किती माल निघाला ते बघायला येणार होते, न्यायचा पुढच्या महिन्यात.

आता एक गंमत सांगते. ताजं गुलाबपाणी गुलाबासारखं वास मारत नाही. उकडलेल्या कोबीसारखं मारतं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून, अंधारात, दोन-तीन आठवडे ठेवायचं. लोणच्यासारखं ते मुरतं, कच्चा वास उडून जातो आणि मग खालचा गुलाब वर येतो. चंपाबाईंना हे इतकं माहीत होतं, की नवऱ्याला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हंगामाच्या तीन बरण्या भरल्या आणि त्या लेकीकडे, दीपालीकडे, नातवाच्या नामकरणाला नाशिकला गेल्या. जाताना म्हणाल्या, "अहो, बरण्यांकडे लक्ष ठेवा." ठेवा म्हणे लक्ष! माल तपासणाऱ्या माणसाला!

चार दिवसांनी परत आल्या, चप्पल काढायच्या आतच नाक फुललं. अंगणभर आइस्क्रीमच्या गाडीचा वास. बरण्यांच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. तिन्ही बरण्यांवर कागद चिकटवलेला, सुवाच्य अक्षरात: "तपासले. दोष आढळला. दुरुस्त केले. सु. स."

"अहो!"

सुखदेवराव अभिमानानं आले. "तू नव्हतीस म्हणून निभावलं. सगळा माल नासला होता. कोबीचा वास! मी मंडईत जाऊन रोझ इसेन्स आणला, बरणीला दोन-दोन बाटल्या. आता बघ."

बाईंनी बरणीवरचा कागद सोलून काढला आणि त्याची चौकोनी घडी घातली. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाला त्या घडीचा अर्थ कळतो. ते दोन पावलं मागे सरकले.

"आपण फार हुशार आहात," बाई म्हणाल्या. त्यांनी 'आपण' म्हटलं की समजायचं. "एक फोन करता आला नाही आपल्याला?"

"तू कार्यक्रमात होतीस."

"आणि कारखान्यातसुद्धा असंच करायचात? वास आवडला नाही म्हणून तोफगोळ्यात साखर?"

"चंपा, कोबीचा वास येत होता गं."

"येणारच! पहिले पंधरा दिवस येतो! पाच वर्षं मी करतेय, एकदा खोलीत डोकावला असतात तर कळलं असतं. कधी डोकावलात? तयार बाटली तेवढी पाहुण्यांना दाखवायची, 'आमच्या मिसेसचा छंद.' छंद!"

त्या एका शब्दाचा राग पाच वर्षांचा होता. तो सगळा त्या दुपारी बाहेर आला. शेजारच्या सोसायटीतल्या दोन खिडक्या उघडल्या, त्यातली एक तर मुद्दाम.

रविवारी दीनानाथशेठ आले. सुखदेवराव कानाशी कुजबुजले, "सांगू नकोस. त्यांना काय कळतंय?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्ची आणायला गेले.

शेठांनी मनगटावर थेंब घेतला, डोळे मिटले. "वा! वहिनी, यंदा काय वास सुटलाय! दर वर्षी हाच फिका असायचा. तिन्ही बरण्या द्या, लेबलं उद्याच छापतो."

आता बाईंना रागवायला दोन माणसं झाली.

"पाच वर्षं माझं पाणी विकताय," बाई म्हणाल्या, "आणि हे तुम्हाला ओळखता येत नाही? इसेन्स आहे त्यात. मुलांच्या सरबतातला."

शेठ क्षणभर ओशाळले, मग हसले. "गिऱ्हाइकाला हाच वास लागतो, वहिनी. वीस जण घेतात, एकोणिसांना हाच आवडतो. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. नाव माझं आहे."

"मग नाव काढू या. माझ्या लेबलावर जाऊ दे. माल फुकट कशाला घालवता?"

"नाही. माझ्या हंड्यातलं आहे ते. तुमच्याही लेबलाखाली खोटं जाणार नाही."

"यंदा बाटली निघायची नाही मग. पुढच्या वर्षीचं मी आत्ता सांगू शकत नाही."

"नका सांगू. चहा घेऊन जा."

शेठ चहा न घेताच गेले. सुखदेवराव खुर्ची धरून उभेच होते. "फेकायचं? सगळं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, तुझी पंधरा दिवसांची पहाट आहे त्यात."

"माहीत आहे. उचला."

त्यांनी एकेक बरणी कुंपणाबाहेरच्या नाल्यापर्यंत नेली. दुसरी बरणी त्यांना एकट्याला उचलेना, तेव्हा बाईंनी बुडाला हात लावला. ओतताना दोघांच्याही पायांवर पाणी उडालं आणि रात्री जेवणाच्या पानावरसुद्धा दोघांना तोच वास येत राहिला.

हंगाम सरत आला होता. झाडांवर उरली होती शेवटची, बारकी फुलं, फार तर एक घाणा निघेल एवढी. सकाळी बाई टोपली घेऊन निघाल्या, तर मागून सुखदेवराव, कानटोपी घालून, हातात दुसरी टोपली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"ती पलीकडची ओळ धरा," त्या म्हणाल्या. "देठ ठेवायचा नाही. आणि माझ्या ओळीत यायचं नाही, मी अजून रागावलेय."

"बरं," सुखदेवराव म्हणाले, आणि पहिल्याच फुलाला काटा टोचून घेतला.