सेबेस्टियन अंकलची उघडी फाइल

अर्नाळ्याच्या एका मच्छीमार सोसायटीत सेबेस्टियन अंकल सत्तावीस वर्षं बोटींची नोंद ठेवतात. कोणती बोट कधी गेली, कधी परतली, कोणती मासळी किती किलो आली. त्याआधी ते स्वतः समुद्रावर जायचे. दोरात अडकून उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि देवानं खुर्चीवर बसवलं, असं तेच सांगतात. दोन वर्षांपूर्वी वही जाऊन कॉम्प्युटर आला. साठीतल्या माणसानं एका बोटानं टाइप करायला शिकून घेतलं, आणि आता कुणी मदत करायला गेलं की वैतागतात. सगळ्यात जास्त माझ्यावर.

मी मीरा, आचोळ्याची. संख्याशास्त्रात एमएससी केलं आणि मे महिन्यात इथे कंत्राटावर लागले. काम ऐकायला सोपं. अंकल समोरच्या खोलीत नोंदी भरणार, मी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून तीच फाइल वाचणार, आणि ‘आर’ भाषेतला माझा प्रोग्रॅम तिच्यात आठवड्याची बेरीज लिहिणार. शुक्रवारी पाचला वरचं ऑफिस ती फाइल त्याच जागेवरून, त्याच नावानं, आपोआप उचलणार. तीन शुक्रवार चुकले की कंत्राट संपलं. त्याआधी वर्षभर मी घरी बसून होते, आणि आईबाबा काही बोलत नव्हते तेच जास्त लागायचं. ही नोकरी मला हवीच होती.

जून-जुलैत मासेमारी बंद. तेव्हा जुन्या नोंदींवर माझा प्रोग्रॅम काय सुरेख चालला म्हणून सांगू. ऑगस्टात बोटी निघाल्या आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही.

परवानगी कुणाची? फाइल आमची, फोल्डर आमचा. बरं, वाचायला देत होती, लिहायला नाही. मी फाइलचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. ‘आर’ काढून पुन्हा टाकलं. अँटीव्हायरस बंद केला. डिस्कवर जागा आहे का पाहिलं, भरपूर होती. दुसऱ्या नावानं लिहिली तर निमूट लिहिली जायची, पण दुसरं नाव वरच्या ऑफिसला चालत नव्हतं. दोन शुक्रवार असेच गेले. मग एका बुधवारी वादळाचा इशारा होता, बोटी किनाऱ्यावरच होत्या, आणि मेला प्रोग्रॅम एका फटक्यात चालला. का चालला? देव जाणे. गुरुवारी पुन्हा लाल. मला कशाचा शेंडा-बुडखा कळेना.

माझी कॉलेजची मैत्रीण क्षितिजा फोनवर म्हणाली, “अगं, कुणीतरी ती फाइल उघडी ठेवली असेल.”

“कोण ठेवणार? इथे अंकल आणि मी. अंकलचा कॉम्प्युटर तर दुपारपासून बंद असतो.”

तिसऱ्या शुक्रवारी पावणेपाचला मी स्टेपलरची पिन मागायला अंकलच्या टेबलाशी गेले. पडदा काळा, पण खालून पंख्याची घरघर येत होती. मी पडद्याचं बटण दाबलं. समोर आमची फाइल, सताड उघडी.

“अंकल, ही बंद का नाही केलीत?”

“बोट आली नाय ना अजून,” अंकल म्हणाले. “बोट पान्यात असताना वही मिटायची नाय. माझा बापूस पन मिटायचा नाय. वीज जलते म्हनून पडदा तेवढा घालवतो.”

माझं डोकंच फिरलं. तीन आठवडे मी वेड्यासारखी लाल अक्षरांशी भांडतेय, आणि कारण इथे दहा पावलांवर, खुर्चीत बसून चहा पितंय. मी अंकलवर ओरडले. इकडे फाइल उघडी असली की तिकडून लिहिता येत नाही, पाचला बेरीज गेली नाही तर माझी नोकरी जाईल, सगळं एका दमात सांगितलं. मग मी पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. बोट गेली, गुरुवार पहाट. परतली, कोरं. नाखवा: केल्विन. म्हणजे अंकलचा एकुलता एक मुलगा. तो दुपारी बाराला यायचा होता, आणि अंकलनी सकाळपासून त्याला किती फोन लावले ते मी आतून ऐकलं होतं.

“राहू द्या अंकल,” एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मला पाहताना अंकलनी पाहिलं. पाचला आठ मिनिटं होती.

अंकलनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण केली आणि फाइल बंद केली. “जा बाय, घाल तुजी बेरीज.”

दोन सेकंदांत बेरीज लिहिली गेली. तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि मला धड हसताही येईना. बाहेर आले तर अंकल खुर्चीवर नव्हते.

ते किनाऱ्यावर उभे होते. मीही जाऊन उभी राहिले. फाइल बंद केल्यानं बोटीचं काही होत नाही, हे मला ठाऊक आहे, माझं शिक्षणच तेवढ्यासाठी झालंय. तरी लांब एखादी बोट दिसली की मी अंकलच्या तोंडाकडे बघायची, आणि ते मान हलवायचे. ही नाय.

सव्वासहाला केल्विनची बोट आली, दुसऱ्या बोटीनं ओढत आणलेली. इंजिन बंद पडलं होतं. केल्विन गुडघाभर पाण्यात उडी मारून हसत हसत वर आला, आणि अंकलनी त्याच्या कानाखाली खाडकन ओढली.

“आता मी काय केलं?” केल्विननं विचारलं. अंकल त्याचा ओला शर्ट मुठीत धरून नुसते उभे राहिले. मग केल्विननं माझ्याकडे बघून विचारलं, “काय झालं गो यांना?”

मी म्हणाले, मला माहीत नाही.