डागी माल वर

आपला माल वाईट आहे हे गिऱ्हाइकाला पटवून देण्यात माझ्या मैत्रिणीच्या अब्बांचा हात धरील असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही. अब्बा फळं विकतात. नेकनूरला त्यांचा गाडा आहे आणि वडवणीच्या आठवडी बाजारात ते ताडपत्री अंथरून बसतात. सगळी दुनिया पाटीत वर चांगलं फळ मांडते आणि दबकं खाली ढकलते. अब्बांचं उलटं. डागी मोसंबी वर, रसरशीत तळाला. "गिऱ्हाइकाला पयली खोट दाखवावी, चांगलं त्याचं त्याला सापडतं," हे त्यांचं सगळं व्यापारशास्त्र. जुनी गिऱ्हाइकं हे जाणून असतात. ती येतात, काही न विचारता पाटीत कोपरापर्यंत हात घालतात आणि हवं ते काढून नेतात. नवी माणसं मात्र गोंधळतात. एकदा बदलून आलेल्या एका मास्तरांनी विचारलं, "मोसंबी गोड आहे का?" अब्बा म्हणाले, "न्हाई सांगता येत. एखादी निघंल गोड, एखादी तोंड वाकडं करंल." मास्तर म्हणाले, "मग विकता कशाला?" अब्बा म्हणाले, "तुमी इचारता कशाला? चाकून बगा की!" आणि एक सोलून त्यांच्या हातावर ठेवली. ती साखरेसारखी निघाली. मास्तरांनी ती शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली आणि यात नक्की काहीतरी लबाडी असणार अशा नजरेनं बघत, काहीही न घेता, ते निघून गेले.

हा नियम फळांपुरता असता तर घरच्यांनी चालवून घेतला असता. पण थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही अब्बांनी पाटी तशीच मांडली. पाहुणे बिर्याणीची तारीफ करत होते आणि अम्मी लेकीकडे बोट दाखवत होती, तेवढ्यात अब्बा म्हणाले, "ही बिर्याणी हिच्या अम्मीची हाय. हिचा भात गिचका होतो. आन राग असा नाकावर." नवऱ्या मुलाच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं, उचललेला घास परत ताटात ठेवला. अम्मी पडद्याआड गेली ती बाहेरच येईना. शेवटी मुलाचे वडील हसत म्हणाले, "आतापर्यंत बघितलेल्या सगळ्या घरांत पऱ्याच निघाल्या. माणूस हितंच भेटलं." लग्न झालं. थोरली सुखात आहे, पण अब्बा तिच्या घरी गेले की ती त्यांना मुद्दाम गिचका भात वाढते, आणि ते तो मान खाली घालून खातात.

धाकटी शाहीन माझी मैत्रीण. तिला गणित शिकायचं होतं. जवळच्या कॉलेजात गणिताला पोरंच येत नाहीत म्हणून तो विषय बंद पडला होता. पुण्याच्या पलीकडे एक कॉलेज होतं, फार नावाजलेलं. तिथं फीमाफीसकट जागा मिळाली तर गणित, नाहीतर जे असेल ते, असा सरळ हिशेब होता. त्या कॉलेजच्या दारात अर्जांचा ढीग लागतो आणि आत जागा मूठभर असतात. या प्रकाराला लोक गुणवत्ता म्हणतात. मी त्याला जागा कमी असणं म्हणते. पण माझ्या म्हणण्यानं जागा वाढत नाहीत, त्यामुळे शाहीननं अर्ज भरायला घेतला.

त्या अर्जात एक चौकोन पालकांसाठी होता. आपल्या पाल्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. अब्बांनी मला बोलावलं, कारण माझे वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे आणि आमच्या घरात वाणसामानाच्या यादीलाही निषेधाचा सूर असायचा. मी लिहून नेलं. शिक्षणाचे दरवाजे शतकानुशतकं बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला ही मुलगी प्रश्न विचारते आहे, अशी सुरुवात होती आणि पुढे आवाज चढत गेला होता. अब्बांनी हनुवटीखाली हात घेऊन सगळं ऐकलं. "लई झकास," ते म्हणाले. "पण ह्यात शाहीन कुठं हाय? हितं तर निसतं सरकार हाय."

मग ते स्वतःच सांगायला लागले. आम्ही गावातल्या ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानात बसलो होतो. शाहीन कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला समोर गेली होती. अब्बा सांगत होते, मी टाइप करत होते. "पोरगी हट्टी हाय. सकाळी हाक मारून उठत न्हाई. भूक लागली की भांडती. उत्तर सापडंना झालं तर जेवत न्हाई, आन दुसऱ्यालाबी जेवू देत न्हाई. पाव्हण्यांसमोर बोलत न्हाई. मोठ्या माणसाची चूक निघाली तर तोंडावर सांगती. इंग्रजी कच्ची हाय." इतकं झाल्यावर ते सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हां. आता चांगलं लिही." मी लिहायला गेले, तर चौकोन अक्षरच घेईना. त्याची मर्यादा संपली होती.

"चाचा, वरचं थोडं खोडू," मी म्हणाले.

"का गं? खोटं हाय का ते?"

"खोटं नाही हो. पण चांगलं लिहायला जागाच नाही."

"मंग खरं कावून खोडायचं?"

हा वाद मी पत्रकांच्या भाषेत नेला आणि तिथंही हरले. दुकानदाराला मात्र तत्त्वांशी देणंघेणं नव्हतं. शेवटची तारीख होती, मागे रांग होती. "चाचा, लाइट जायाचा टाइम झाला," असं म्हणून त्यानं माझ्यासमोरचा माउस ओढला आणि अर्ज पाठवून दिला. शाहीन झेरॉक्स घेऊन आत आली तेव्हा पडद्यावर तिचे दोष तेवढे दिसत होते आणि खाली हिरव्या अक्षरांत अर्ज मिळाल्याची पावती. तिनं ते उभ्यानं वाचलं. "अब्बा, ये क्या करे तुम?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर त्या घरात बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. "अम्मी, अब्बांना सांग चहा झाला," शाहीन म्हणायची, आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेले अब्बा म्हणायचे, "तिला सांग, मिळाला." अम्मी दोघांनाही काही सांगत नसे. ती आपला चहा पिऊन टाकी.

कलिंगडं बाजारात आली तेव्हा कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं, पालकांसह. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि सोबतीला मलाही घेतलं. आत काय झालं ते मला शाहीननं परतीच्या एसटीत सांगितलं. तिचं गणित बराच वेळ विचारून झाल्यावर अब्बांना आत घेतलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे दोषच लिहिलेत. चांगलं काही नाही का?"

"हाय की. खाली हाय. जागा पुरली न्हाई."

"मग आता सांगा."

आयुष्यात कधी मालाची तारीफ न केलेला माणूस, त्याच्या तोंडून एक गोड शब्द हवा होता आणि त्यावर लेकीचं गणित अडलं होतं. शाहीन त्यांच्याकडे बघेना. अखेर ते म्हणाले, "म्या बाप हाय, मॅडम. म्या सांगितलं तर तुमी कशाला मानाल? तिलाच इचारा. कायबी इचारा. पण घाईघाईत सोडू नका."

एसटीत हे सांगून शाहीन खिडकीबाहेर बघत बसली. मांजरसुंब्याचा घाट चढून झाल्यावर तिनं पुढच्या बाकावरच्या बापाच्या खांद्यावर बोट टोचलं. "अब्बा, पाणी है क्या?" अब्बांनी बाटली मागे दिली. अम्मीची निरोप्याची नोकरी त्या घाटात संपली.

शाहीनला जागा मिळाली, फीमाफीसकट. त्या चौकोनामुळे की चौकोन असूनही, ते निवडणाऱ्यांनाच ठाऊक. ती गेली. जाताना अब्बांनी कंडक्टरलाही तिच्या उलट्यांची कल्पना देऊन ठेवली.

परवा मी वडवणीच्या बाजारात गेले होते. अब्बा नेहमीच्या जागी होते, पण गिऱ्हाईक आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला शेजारी बसवून त्यांनी आवाज खाली घेतला. "शाहीनचा फोन येतो तुला?"

"येतो की."

"काय म्हणती?"

"तुम्हाला काय म्हणते?"

"मला म्हणती, सगळं चांगलं हाय. खोली चांगली, पोरी चांगल्या, मॅडम चांगल्या." ते थांबले. "रोज हेच सांगती. मला झोप येत न्हाई बग. तिथं कायतरी लई वाईट हाय."

अब्बांना सांगू नकोस म्हणून शाहीननं मला बजावलं होतं. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जातं, पहिल्याच चाचणीत ती मागे पडली, एका रविवारी ती दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही, हे सगळं. मी त्यातलं सगळ्यात लहान उचललं. म्हणाले, "जेवण फार अळणी असतं म्हणे, चाचा. डाळीला चवच नाही. पोट भरत नाही तिचं."

अब्बांचा चेहरा इतका सैल पडला की मला वाटलं ते आता हसतील. "अळणी," त्यांनी स्वतःशीच म्हणून बघितलं. "हां. मंग खरंच हाय पोरगी तिथं." एक म्हातारी केव्हाची पपई हातात घेऊन उभी होती. तिला त्यांनी दोन बोटांनी थांबवलं आणि माझ्याकडे आणखी सरकले.

"आन?" ते म्हणाले. "आनखी काय वाईट हाय, सांग की."