चढ्या सुरातली कव्वाली

गोड गळ्याचा मला पहिल्यापासून राग आहे. श्वास सोडत, कुजबुजत गझल गाणारे ते मखमली लोक ऐकले की वाटतं, यांना वैशाखात अकोल्याच्या उन्हात उभं करावं. मला कव्वाली हवी, आणि तीही गळ्याच्या शिरा तटतटलेली. अल्बमबद्दलही माझी मतं अशीच आडमुठी आहेत. एखाद्या अल्बमची आठही गाणी चांगली आहेत असं कोणी म्हणालं, तर समजावं की त्याने तो नीट ऐकलेला नाही. दोन गाणी जीव घेणारी असतात, तीन बरी, बाकीची भरती. नणंदेच्या मुलाने एकदा जुन्या कव्वाल्यांची नवी सीडी कौतुकाने आणून दिली. टाळ्या काढून टाकून तिथे यंत्राचे ठोके घातले होते. ती मी त्याच्यासमोरच गुडघ्यावर मोडली.

माझं मत तोंडाआधी हातातून बाहेर पडतं. हा हात बाबांचा. अकोल्याच्या आमच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं तर आधी ताट भिंतीवर जायचं आणि मग आई. मला आणि धाकट्या भावाला पट्टा होता. बाबा शेतावर गेले की मी टेप लावायची, आवाज पूर्ण वाढवून. बाबांच्या आवाजाला पुरून उरेल असा एकच आवाज त्या घरात होता, माझ्या कॅसेटमधल्या कव्वालाचा.

ती कॅसेट मी बाजारातल्या एका चाचांच्या दुकानातून घेतली होती. कव्वाल काही नावाजलेला नव्हता. पहिली बाजू सोडून द्यावी अशीच. दुसऱ्या बाजूला मात्र बावीस मिनिटांचं एकच गाणं होतं, आणि ते सुरू व्हायचं तेच थेट वरच्या सुरात. पाठीमागे कोणी लागल्यासारखा तो गायचा. टाळ्या इतक्या जलद पडायच्या की माझंच काळीज धडधडायला लागायचं. असं गाणं दुसरं नाही, हे मी भेटेल त्याला भांडून सांगत असे.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि रेडिओ, टेप दुरुस्त करायचा. कुठला स्पीकर फाटलाय, कुठली मोटर अडखळतेय, हे तो नुसतं ऐकून सांगे. त्या कानाच्या जोरावर अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला आवाज सांभाळायच्या कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर तो जाणार होता. बाबांच्या हाताबाहेर पडणारा घरातला तो पहिलाच.

एक दिवस दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले, तर हा टेपजवळ हसत उभा. मला बस म्हणाला आणि माझी कॅसेट लावली. आवाज आला तो जड, संथ, एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्याचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कॅसेटचं काय केलंस म्हणून मी ओरडले.

"काही नाही केलं ताई," तो म्हणाला. "तुही टेपच जोरात पळे. चाचाच्या मशीनवर आयकलं मी, हा असाच गाते. म्या फक्त मोटरचा स्क्रू..."

पुढचं मी बोलू दिलं नाही. उजव्या हाताची सणसणीत चपराक त्याच्या डाव्या कानावर बसली. तो भिंतीला धडकून खाली बसला. स्क्रू होता तसा फिरव, मी म्हणाले. एका हाताने कान दाबून, दुसऱ्या हाताने त्याने तो फिरवला. कव्वाल पुन्हा वर चढला. मी बावीसच्या बावीस मिनिटं ऐकली, आणि गाणं संपल्यावर मला त्याच्या कॉलरवरचं रक्त दिसलं.

मग मला मायेचा उमाळा आला. लसूण घालून कढवलेलं तेल मी तीन दिवस त्याच्या कानात सोडलं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. कान पिकला, पू वाहायला लागला. डॉक्टर म्हणाले, पडद्याचं भोक आपसूक भरलं असतं, हे तेल कोणी घातलं? मी म्हणाले, आईने. ते बाबांपर्यंत गेलं आणि बाबांनी आईला काठीने मारलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही. डावा कान कायमचा गेला. ऑर्केस्ट्रावाल्यांनी एका कार्यक्रमात त्याला बसवून पाहिलं आणि परत पाठवलं. पुढची सहा वर्षं तो बाबांच्या हाताखाली राहिला.

गेल्या महिन्यात अमरावतीला, सासरी भाजी निवडताना फोनवर तेच गाणं सापडलं. कोणीतरी मूळ ध्वनिमुद्रणावरून पूर्ण अल्बम टाकला होता. आवाज जड होता, संथ होता. भावाने त्या दुपारी ऐकवला होता तसाच. मी तीनदा ऐकलं. खरं सांगायचं तर हेच गाणं थोर आहे. शब्द कळतात, आणि दोन ओळींच्या मध्ये तो कसा थांबतो तेही कळतं. मी आयुष्यभर मशीनच्या बिघाडावर जीव टाकला होता. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी बस धरून मी परतवाड्याला गेले. तिथे त्याचं पंखे आणि मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. नेहमीसारखं त्याने मला उजवीकडचं स्टूल दिलं. मी म्हणाले, टेपचं तू खरं सांगत होतास.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. हातातली तार तो गुंडाळतच होता.

"अन् तेल आईनं नव्हतं टाकलं. मी टाकलं."

"थे बी मालूम आहे. डोकं माहंच होतं ना."

मग तेव्हा काहून नाही बोलला, मी विचारलं. भेव वाटे, तो म्हणाला. बाबांचं का, मी विचारलं. त्याने गुंडाळलेली तार खिळ्याला अडकवली. मला रडू फुटलं. त्याच्या गालावरून हात फिरवावा म्हणून मी हात उचलला, आणि त्या चाळिशीतल्या माणसाने मान आत ओढून झटकन तळहाताने आपला उजवा कान झाकला.